जूनमधली सुरमई आणि नवऱ्याचं ‘मस्त होतं’

‘ताई, नमस्कार. आम्ही रत्नागिरीत असतो, मिस्टर पतपेढीत आहेत आणि मी घरीच शिवणकाम करते. जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली म्हणून मी शिलाईतले पैसे बाजूला टाकून ह्यांना समुद्रावरच्या एका नवीन पॉश रेस्टॉरंटात घेऊन गेले. मुलं सासूबाईंकडे ठेवली. आठ दिवस आधी फोन करून काचेजवळचं टेबल बुक केलं होतं, व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचा ओके पण आला होता. गेलो तर ते टेबल मुंबईच्या एका ग्रुपला दिलेलं आणि आम्हाला किचनच्या दारापाशी बसवलं. स्टार्टर यायला पाऊण तास. कोळंबी चांगली होती, पण सुरमई, मेनूत ‘आजची ताजी’ लिहिलेली, एकदम कोरडी, चव म्हणून नाही. सोलकढी गोड आणि भडक गुलाबी. खाण्याचे ३,८०० झाले, त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज, त्यावर जीएसटी, सगळं मिळून ४,३८९. मॅनेजरने येऊन विचारलं कसं होतं, तर हे म्हणाले ‘मस्त होतं’, आणि वर वेटरला दोनशे रुपये ठेवले! हाच माणूस मिरकरवाड्याला मासेवालीशी वीस रुपयांवरून वाद घालतो, मासा लांबून बघून आजचा की कालचा ते सांगतो. येताना स्कूटरवर मी एक शब्द बोलले नाही. घरी सासूबाईंनी विचारलं, मी छान होतं म्हणाले आणि झोपायला गेले. आता पंधरा दिवस झाले, त्या रात्रीचा विषय दोघंही काढत नाही. ह्यांना खरंच काही वाटत नाही का? मी एक स्टार देऊन रिव्ह्यू टाकू का, की ग्राहक मंचात जाऊ? की मीच कद्रू आहे? आणि सासूबाई रोज विचारतायत किती बिल झालं, त्यांना काय सांगू?

– नाव छापू नका, रत्नागिरी’

नाव नाही छापत, आणि त्या रेस्टॉरंटचं तुम्ही कळवलेलं नावही नाही छापत.

कद्रू वगैरे काही नाही हो तुम्ही. ज्या बाईने रात्री मुलं झोपल्यावर मशीनवर बसून हुक-काजं करत पैसे जमवलेत तिने काचेजवळचं टेबल मागितलं आणि ते मिळालं नाही म्हणून तिला वाईट वाटलं, ह्यात कद्रूपणा कुठे आला. उलट मला राग आला तो त्या टेबलाचा जास्त, सुरमईचा नंतर. कारण बुकिंग घेऊन, ओके पाठवून, मग मोठा ग्रुप आला की इथल्या दोन माणसांना उचलून किचनच्या दाराशी नेऊन बसवायचं, हे आपल्याकडे हल्ली सर्रास चाललंय. पर्यटक मोठं बिल करणार, ड्रिंक्स घेणार, आणि गावातलं जोडपं काय, दोन डिश घेऊन जाणार, असा हिशेब असतो त्यांचा. समुद्र आपला, आणि समुद्र दिसणारं टेबल बाहेरच्याला.

आता तुमच्या मिस्टरांचं. ‘ह्यांना काही वाटत नाही का’ ह्याचं उत्तर तुम्हीच पत्रात लिहून पाठवलंय आणि तुमच्या लक्षात आलेलं नाही. जो माणूस मिरकरवाड्याला मासा लांबून बघून सांगतो कधीचा आहे, त्याला तोंडात घातलेली तुकडी कशी होती ते कळलं नसेल? अहो पहिल्या घासाला कळलं असणार, तुमच्याही आधी. म्हणजे त्यांचं ‘मस्त होतं’ हे काही सुरमईबद्दल नव्हतंच. मला जे दिसतंय ते असं, की पैसे तुमचे होते, बेत तुमचा होता, तुम्ही बहुतेक साडीही ठेवणीतली काढली असेल (लिहिलं नाहीत पण मी समजून चाललेय), आणि अशा वेळी हा माणूस मॅनेजरला तुमच्यासमोर म्हणाला असता की मासा शिळा आहे, सोलकढी बाटलीतली आहे, तर नाक कापलं कोणाचं असतं, तर तुमच्या बेताचं. ते त्यांनी गिळलं. सुरमईसकट.

दुसरं म्हणजे आपल्याकडे लहानपणापासून पोरांना एकच शिकवलेलं असतं, अन्नाला नावं ठेवायची नाहीत. ताटात पडेल ते गप खायचं. हे घरात बरोबरच आहे, ज्या बाईने चुलीपुढे घाम गाळून केलंय तिच्या आमटीला मीठ कमी म्हणणारा पुरुष मला स्वतःला सहन होत नाही. पण तोच नियम पुरुष मंडळी हॉटेलात घेऊन जातात आणि तिथे तो चालत नाही, कारण तिथे कोणी तुम्हाला मायेने वाढलेलं नसतं, तो माल असतो आणि त्याची किंमत मेनूत लिहिलेली असते. बंदरावर मासेवालीला ‘हा कालचा आहे, मला शिकवू नको’ म्हणणारा माणूस एसीत बसला, समोर कापडी नॅपकिन आला, मेनू इंग्लिशमध्ये आणि वेटर हिंदीत बोलायला लागला की एकदम पाहुण्यासारखा वागायला लागतो. ‘सर, सब ठीक है?’ म्हटलं की तोंडातून ठीकच बाहेर पडतं. दोनशेची टीपसुद्धा त्यातलीच, आपण कमी दिसू नये म्हणून. ती टीप मात्र त्यांच्या नावावर धरून ठेवू नका, वाढणाऱ्या पोराच्या हातात काहीतरी पडलं, आणि टेबल बदलणारा किंवा मासा आणणारा काही तो नव्हता.

तरी त्यांचं चुकलंच. हॉटेलात नाही बोलले ते मी समजू शकते, पण बाहेर पडून रेनकोट चढवताना तरी म्हणायचं होतं, ‘काय गं, कसली ती सुरमई!’ एवढंच. तुम्हाला भांडण नको होतं, रिफंडही नको होता बहुतेक, तुम्हाला फक्त कोणीतरी हवं होतं जे तुमच्याबरोबर नाराज होईल. ते ‘मस्त होतं’ म्हणाले आणि तुम्ही तुमच्या नाराजीत एकट्या पडलात. तुम्हाला लागलंय ते हे, आणि लागणारच.

पण मग सासूबाईंनी विचारलं तेव्हा तुम्ही काय सांगितलंत? ‘छान होतं.’ म्हणजे जे त्यांनी मॅनेजरला सांगितलं तेच तुम्ही तासाभरात सासूबाईंना सांगितलंत, आणि कशासाठी, तर बेत फसला असं दिसू नये म्हणून. कदाचित तेव्हा हे बाजूलाच चपला काढत उभे असतील आणि त्यांनी ते ऐकलं असेल. आता त्यांच्या बाजूने बघा, बायको रस्ताभर गप्प, आणि घरी येऊन म्हणते छान होतं, त्या माणसाने काय समजायचं? त्याला वाटत असेल की आपण बरं बोललो म्हणून निभावलं. तुमच्या दोघांचं खोटं अगदी एकसारखं आहे हो, म्हणून तर पंधरा दिवस कोणी तोंड उघडत नाहीये, आधी कोण मागे घेणार असं झालंय.

तोंड उघडायला फार काही लागत नाही. फक्त ‘तुम्हाला कशाचं काही वाटतच नाही’ इथून सुरू करू नका, तिथून सुरू झालेलं बोलणं लग्नातल्या मानपानापर्यंत जातं. रविवारी ते बाजारातून आले आणि पिशवी ओट्यावर ठेवली की सहज विचारा, ‘अहो, त्या दिवशीची सुरमई बर्फातली होती ना?’ बस. माशाबद्दल मत विचारलेला रत्नागिरीचा पुरुष अर्धा तास थांबत नाही. तो कुठली बोट, किती दिवस, कशी कापली, सगळं सांगेल, आणि त्यात कुठेतरी ‘मला तेव्हाच कळलं होतं’ येईल. ते आलं की तुम्ही म्हणा, ‘मग मला का नाही बोललात?’ पुढचं तुमचं तुम्ही बघा, तिथे मला काम नाही.

आता सुरमईबद्दल, आणि इथे मी तुम्हाला थोडी ओरडणार आहे. तुम्ही रत्नागिरीच्या, समुद्र दारात, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात ‘आजची ताजी’ सुरमई मागवलीत? १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस, आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. माशांचा विणीचा काळ असतो, आणि समुद्र खवळलेला असतो म्हणून जीवही वाचतो. बंदरात बोटी शाकारून ठेवलेल्या तुम्ही दरवर्षी बघता. बिगरयांत्रिक होड्यांना बंदी लागू नाही हे खरं, पण त्या दिवसांत त्या जातात खाडीत नाहीतर किनाऱ्याला लागून, आणि सुरमईचा पुरवठा काही त्यांच्यावर चालत नाही. म्हणजे तुमच्या ताटात आली ती एकतर मे महिन्यातली बर्फात किंवा फ्रीझरमध्ये ठेवलेली, नाहीतर बाहेरून कुठून तरी गाडीने आलेली. त्यात गुन्हा काही नाही, पावसाळ्यात हॉटेलवाल्याने दुसरं काय करावं, आणि नीट गोठवलेला मासा नीट वापरला तर वाईटही लागत नाही. पण मग ‘आजची ताजी’ लिहू नये ना. चुकीचं आहे ते तेवढं.

कोरडी का झाली तेही ह्यातच आलं. हळूहळू किंवा परत परत गोठवला की माशाच्या आत बर्फाचे मोठे खडे होतात, ते मांस आतून फाडतात, आणि बर्फ उतरवताना ते सगळं पाणी निथळून जातं. त्यात तुकडी पातळ कापलेली, वर रवा, आणि गर्दीत तवा सोडून आचारी दुसरीकडे गेला, की राहिलं काय. सोलकढीचं तर सांगूच नका, ताज्या नारळाचं दूध आणि आगळ (कोकमाचा खारा रस), लसूण-मिरची, एवढ्यावर होते ती, आणि तिचा रंग फिकाच असतो. भडक आणि गोड म्हणजे सरबताचं कोकम त्यात ओतलंय, किंवा रंग. नारळ खरवडायला माणूस लागतो आणि काढलेलं दूध फार वेळ टिकत नाही, म्हणून मोठ्या हॉटेलात सगळ्यात आधी जिचा बळी जातो ती सोलकढी. मी कुठेही गेले की आधी तीच मागवते, ती बरी असली तरच पुढे मासा सांगते.

आषाढात बाहेर जेवायचंच असेल तर खाडीचं विचारा, तिसऱ्या (शिंपल्या) विचारा, कुर्ल्या विचारा, आणि लाज न बाळगता सोडे किंवा सुकटीचं काही आहे का विचारा. आपल्या आज्यांनी मे महिन्यात अंगणात वाळवणं घातली ती ह्या दोन महिन्यांसाठीच. पॉश ठिकाणी सुकट मिळणार नाही म्हणा, मिळाली तर तिला वेगळंच काहीतरी इंग्लिश नाव असेल आणि पाचशे रुपये. आणि ज्या माशासमोर मेनूत आकडा न लिहिता ‘साइजप्रमाणे’ लिहिलेलं असतं तिथे ऑर्डर द्यायच्या आधी मासा बघायला मागायचा आणि रेट विचारायचा. लोकांना हे बंदरावर जमतं, टेबलावर जमत नाही. आणून दाखवत नसतील तर सरळ चिकन सांगायचं.

आणि वाईट निघालं तर दोन घासांत सांगायचं. सगळं संपवून, हात धुवून, बडीशेप खाताना सांगितलेली तक्रार कोणी मनावर घेत नाही, घ्यावी तरी का, ताट तर रिकामं आहे. दोन घास झाले की काटा खाली ठेवायचा आणि मराठीत, आवाज न चढवता, ‘ही तुकडी कोरडी आहे, बदलून द्या किंवा बिलातून काढा.’ वेटरला कळत नसेल तर मॅनेजरला बोलवा म्हणायचं, त्याला बरोबर कळतं. टेबलाचंही तसंच, व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज उघडून फोन समोर धरायचा आणि बसायच्या आधी बोलायचं, बसल्यावर नाही. एकदा बसलात की तुम्ही मान्य केलंत असं धरून चालतात. आणि हे कोणी बोलायचं ते घरून निघतानाच ठरवून घ्या, तुमच्या केसमध्ये तुम्हीच बोला, ह्यांना जमणार नाही असं दिसतंय, आणि त्यात काही कमीपणा नाही, काही घरांत बाई बोलते आणि पुरुष पिशव्या धरतो.

आता पैशाचं बघू, कारण इथे तुमचं खरंच काहीतरी निघतं. सर्व्हिस चार्ज. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला सूचना काढल्या की हॉटेल-रेस्टॉरंटने तो आपोआप बिलात लावायचा नाही, दुसऱ्या कुठल्या नावानेही लावायचा नाही, सक्ती करायची नाही, आणि तो जेवणाच्या रकमेत मिळवून त्या सगळ्यावर जीएसटी तर लावायचाच नाही. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टाने ह्या सूचना योग्यच आहेत म्हणून सांगितलं. संघटना पुढे अपिलात गेल्या ते वेगळं. तुमच्या बिलात ३,८०० वर ३८० सर्व्हिस चार्ज आणि मग ४,१८० वर ५ टक्के जीएसटी म्हणजे २०९ असा हिशेब दिसतोय. जीएसटी लागणारच, पण तो ३,८०० वर, १९०. म्हणजे ३८० आणि वरचे १९, असे ३९९ रुपये तुमच्याकडून जास्तीचे गेलेत. मिस्टर पतपेढीत आहेत ना, त्यांना दाखवा हा हिशेब, ते माझ्यापेक्षा पटकन पकडतील.

बिल ठेवलंय ना? (नसेल तर गुगल पेची एंट्री तरी असेल.) त्याचा फोटो, टेबलाच्या ओकेचा स्क्रीनशॉट, आणि मेनूचा फोटो काढला असेल तर तो, एवढं जोडून रेस्टॉरंटला एक साधा मेसेज करा. तारीख, वेळ, काचेजवळचं टेबल कबूल करून दिलं नाहीत, मासेमारी बंदीत सुरमई आजची ताजी म्हणून दिलीत ती कोरडी होती, आणि सर्व्हिस चार्ज व त्यावरचा कर मिळून ३९९ परत करा. रागाचा एकही शब्द नको. मला वाटतं बहुतेक ठिकाणी इथेच काम होतं, आणि पुढच्या वेळी या, आमच्याकडून डेझर्ट, असंही येईल, त्याला लगेच हुरळून जाऊ नका. चार-पाच दिवसांत काहीच उत्तर नाही आलं तर १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, मराठीत बोलता येतं, ते तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठपुरावा करतात.

ग्राहक मंचात मात्र कोरड्या सुरमईसाठी जाऊ नका. आता त्याला आयोग म्हणतात, आणि पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला फी नसते, म्हणजे जाता येतं, पण सुरमई कोरडी होती हे तुम्ही सिद्ध कशी करणार, ती तर पोटात गेली. तारखांना शिलाईचं काम सोडून जाल आणि ३९९ पेक्षा जास्त तिथे घालवाल.

रिव्ह्यू जरूर टाका, पण त्यांचं उत्तर आल्यावर किंवा न आल्यावर. एक स्टार नको, कोळंबी चांगली होती म्हणालात ना, मग दोन द्या आणि कोळंबीचंही लिहा. ‘लुटारू’, ‘फालतू’ लिहिलेले रिव्ह्यू लोक सोडून देतात, पण ‘जूनमध्ये बुकिंग करून किचनच्या दाराशी बसवलं, सर्व्हिस चार्ज न विचारता लावला’ हे वाचून पुढचा माणूस दोन प्रश्न आधी विचारून जातो. वेटरचं नाव घालू नका, त्या पोराची नोकरी जायची आणि मालकाला काही फरक पडायचा नाही. मिस्टरांना एकदा वाचून दाखवा टाकायच्या आधी. ते एखादा शब्द माशाबद्दल दुरुस्त करतीलच.

लग्नाचा वाढदिवस परत करायचा असला तर नारळी पौर्णिमा होऊ द्या, बोटी चार दिवस समुद्रावर फिरू द्या, मग जा, आणि पॉश ठिकाणीच गेलं पाहिजे असंही नाही, जिथे दुपारी दीड वाजता सुरमई संपली म्हणून सांगतात अशी एखादी खानावळ तुमच्या मिस्टरांना नक्की माहीत असेल. पण तुम्हाला मनातून काचेजवळच बसायचं असेल तर तिथेच बसा, पैसे तुमचे आहेत, खानावळीचा मोठेपणा ऐकून मन मारू नका. गुरुवार, संकष्टी वगैरे बघून घ्या, नाहीतर तिथे जाऊन पनीर खावं लागेल.

सासूबाईंना आकडा सांगू नका. मासा चांगला नव्हता, एवढं सांगा. ४,३८९ ऐकल्यावर त्या त्या पैशात घरी किती किलो सुरमई आली असती ते काढतील, आणि ते दर गणपतीला, आलेल्या पाहुण्यांसमोर, परत परत काढतील.